वृत्तान्त, क्रियापद आणि विज्ञानसाक्षरता

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या विज्ञानसाक्षरतेसाठी बातम्यांचा उपयोग करावा, हा विचार नवा नाही. तथापि या उपयोगात बातमीकडे बहुधा आशयाचे वाहन म्हणूनच पाहिले जाते : तीतील संकल्पना समजावून द्यायची आणि बातमी बाजूला ठेवायची. बातमी ही स्वतंत्र संहिता असून ती शोधनिबंध या दुसऱ्या संहितेचे रूपांतर असते, ही जाणीव येथे हरवते. तौलनिक साहित्याभ्यासाचे काम नेमके येथून सुरू होते.

२०११ मधील न्यूट्रिनो-प्रकरण या दृष्टीने उद्बोधक आहे. जिनिव्हाजवळील सर्नहून निघालेले न्यूट्रिनो सुमारे ७३० किलोमीटर अंतरावरील इटलीतील ग्रान सासो प्रयोगशाळेत, प्रकाशाला लागला असता त्यापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोहोचतात, असे निरीक्षण ‘ऑपेरा’ गटाने त्या सप्टेंबरमध्ये मांडले. निबंधाच्या शीर्षकात केवळ वेगाच्या मोजमापाचा निर्देश होता. आइन्स्टाइनचे नाव नव्हते. सैद्धान्तिक अर्थ लावण्याचे लेखकांनी हेतुतः टाळले होते आणि अज्ञात त्रुटींचा शोध चालू ठेवण्याची गरज नमूद केली होती. जगभरच्या मथळ्यांत मात्र ‘आइन्स्टाइन चुकला?’ हा प्रश्न अवतरला. मोजमापाच्या वृत्तान्ताचे सिंहासनच्युतीच्या कथेत रूपांतर झाले. २०१२ मध्ये प्रकाशीय तंतूची एक जोडणी नीट बसलेली नसल्याचे व घड्याळाच्या आंदोलकातही दोष असल्याचे उघड झाले. पुढील मोजमापांत न्यूट्रिनोंचा वेग प्रकाशवेगाशी सुसंगत ठरला.

यावरून ‘पत्रकारांनी अतिशयोक्ती केली’ एवढाच निष्कर्ष काढणे उथळपणाचे होईल. मूळ निबंधातील संख्याशास्त्रीय निश्चिती अतिशय उच्च होती. चूक उपकरणात होती. निश्चितीचे आकडे यादृच्छिक चढउतारांविषयी बोलतात, सैल जोडणीविषयी नाही. हा भेद विद्यार्थ्याला सूत्रापेक्षा दोन संहितांच्या तुलनेतून अधिक स्पष्ट होतो.

ही तुलना अखेर क्रियापदापाशी येऊन थांबते. ‘मर्यादा ओलांडली’, ‘ओलांडली असावी’, ‘ओलांडल्याचे आढळले’ आणि ‘ओलांडली म्हणे’ या चार रचनांत विधानाची जबाबदारी चार प्रकारे वाटली जाते. मराठीतील ‘म्हणे’, बंगालीतील ‘नाकी’, तेलुगूतील ‘अट’, कन्नडमधील ‘अंते’ हे सारे ऐकीव माहितीवर खूण करतात; परंतु त्यांच्या छटा एकरूप नाहीत. औपचारिक वृत्तभाषा हे बोलीतील शब्द सहसा टाळते आणि ‘दावा’, ‘वृत्त’ यांसारख्या नामांवर विसंबते. बहुभाषिक वर्गात एकच बातमी आपापल्या भाषेत पुन्हा लिहावयास सांगितल्यास, शंका कोठे गळली आणि कोठे नव्याने शिरली, हे विद्यार्थी स्वतःच शोधू शकतील.

या अध्यापनातील खरा धोका भाबडेपणाचा नसून सरसकट अविश्वासाचा आहे. पहिली आणि अखेरची बातमी एवढ्याच वाचणारा विद्यार्थी ‘वैज्ञानिक रोज मत बदलतात’ असे म्हणून मोकळा होईल. लस वा हवामानबदल यांविषयीच्या बातम्यांपुढे हीच वृत्ती घातक ठरते. मधले दुवे, म्हणजे निबंधातील संयम, इतरांनी घेतलेली पुनर्मोजमापे आणि त्याच गटाने जाहीर केलेले दोष, वाचल्यावरच मतबदल ही शिस्त असल्याचे उमगते. म्हणून एकटी बातमी नव्हे, तर बातम्यांची मालिका व तिचा मूळ निबंध हे अध्यापनाचे एकक मानले पाहिजे.