कमानीवर नसलेली नावे

माझ्या वाचनातल्या दिल्लीच्या मराठी प्रवासवर्णनांत इंडिया गेट येते ते बहुधा संध्याकाळचे: रोषणाई, हिरवळ, कुल्फी. कमानीवरचा मजकूर वाचायला कोणी थांबत नाही. पहिल्या दोन खेपांना मीही थांबलो नव्हतो. तिसऱ्या खेपेला मराठा पलटणींतली नावे शोधायची म्हणून दुर्बीण घेऊन गेलो. नावांआधी माथ्यावरचा इंग्रजी लेख वाचला आणि तिथेच अडलो.

ल्युटेन्सची ही ४२ मीटर उंच कमान १९३१ साली पुरी झाली. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या सुमारे ७० हजार हिंदी सैनिकांचे हे स्मारक, असे आपण म्हणतो. कोरलेली नावे मात्र १३ हजारांहून थोडी अधिक. ही तफावत जागेच्या अडचणीतून आलेली नाही. लेखच मृतांचे दोन वर्ग पाडतो. फ्रान्स, मेसोपोटेमिया, पूर्व आफ्रिका, गॅलिपोली येथे पडलेल्यांचा मान तिकडे राखला आहे असे धरून त्यांना एकत्रित वंदन. आणि नावे फक्त हिंदुस्थानात, वायव्य सरहद्दीवर किंवा १९१९च्या अफगाण युद्धात पडलेल्यांची.

फ्रान्सपुरते हे खरे आहे; न्यूव्ह शापेलच्या स्मारकावर हिंदी शिपायांची नावे आहेत. मेसोपोटेमियाचे काय? १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी पुणे डिव्हिजनबरोबर तिकडेच होत्या. त्या कूतच्या वेढ्यात अडकल्या. एप्रिल १९१६मध्ये तिथल्या फौजेने शरणागती पत्करली. बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या शिपायाचे नाव आहे, हिंदी सुभेदार-जमादारांचेही आहे. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा. म्हणजे दिल्ली बसऱ्याकडे बोट दाखवते आणि बसऱ्याला नाव नाही! आपल्या सातारा-रत्नागिरीकडच्या गावांतले जुने फलकही तसेच: गावातून इतके लढाईवर गेले, पैकी इतके मेले.

शेजारचे राष्ट्रीय युद्धस्मारक २०१९चे. त्यागचक्रात प्रत्येकाच्या नावाची ग्रॅनाइटची वीट आहे. वास्तू म्हणून ते मला कमानीहून सरस वाटते. तिथे नाव वाचायला दुर्बीण लागत नाही. पण ती यादी स्वातंत्र्यानंतरची. २०२२मध्ये कमानीखालची ज्योत तिकडच्या ज्योतीत मिळवली तेव्हा वाद झाला तो ज्योतीवर. मेसोपोटेमियातल्या शिपायाला दोन्हीकडे जागा नाही, हे त्या वादात माझ्या तरी वाचनात आले नाही. त्यांची नावे नोंदवह्यांत आहेत. ती दगडावर आणायला आता अडचण कोणती?