निमोच्या गोष्टीत न आलेला मासा

सालेकशाच्या शाळेत आठवीला ‘फाइंडिंग निमो’ दाखवून झाला. पडदा गुंडाळायच्या आतच प्रश्न आला, “सर, आपल्या टाकीत निमो ठेवू या का?” आमच्या टाकीत मामा तलावातल्या बारक्या मासोळ्या असतात, पाणी गोडं. नुसतं ‘नाही’ म्हणून भागणार नव्हतं, म्हणून अँड्र्यू स्टँटन यांचा हा २००३चा चित्रपट पुन्हा पाहिला.

समुद्रपुष्पाच्या विषारी दोऱ्यांत निर्धास्त वावरणारा विदूषक मासा आणि प्रवाळखडकावरची गर्दी, हे फार छान दाखवलंय. पण गोष्ट जिच्यावर उभी आहे ती बापलेकाची जोडी निसर्गात नसते. या माशांत अंडी बाप राखतो हे खरं. मात्र आठवडाभरानं पिल्लं बाहेर पडली की प्रवाहाबरोबर वाहून जातात आणि दहाएक दिवसांनी मिळेल त्या खडकाला लागतात. शिवाय आई मेली तर काही काळानं बापच मादी होतो! पिल्लांचा लालसर थवा सांभाळत हिंडणारा मासा पाहायचा तर आपली मरळ पाहावी. ढिवरांच्या घरच्या मुलांनी हे माझ्याआधीच सांगितलं.

एवढी सूट गोष्टीला देता येईल. मला खटकतं ते वेगळं. चित्रपटात समुद्र म्हणजे घर आणि टाकी म्हणजे तुरुंग. टाकीतले गिल आणि निमो सोडले तर बाकीचे मासे विकत आणलेले. पण दुकानात ते कुठून आले, हे कुणी विचारत नाही. शिक्षकानं विचारायचा प्रश्न नेमका तोच आहे. खडकातले मासे पकडायला काही देशांत सायनाइड वापरलं गेलं. त्यानं मासा गुंगतो आणि आसपासचं प्रवाळ मरतं. उलट विदूषक मासा टाकीत वाढवता येतो, कारण तो अंडी कठीण पृष्ठभागावर चिकटवतो आणि पिल्लं लवकर मोठी होतात. मंडपमच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्रात हे झालं आहे, आणि ऐरोलीलाही. निळ्या डोरीची गोष्ट अवघड. तिची सूक्ष्म अंडी मोकळ्या पाण्यात सुटतात, पिल्लं कित्येक आठवडे तरंगत राहतात. तिची टाकीतली पहिली पैदास फ्लोरिडा विद्यापीठात २०१६ साली जमली. म्हणजे ‘निमो’ आणि ‘डोरी’ एकाच यादीत लिहिणं चूक. वर्गातला समुद्रघोडा तर आपल्याकडे २००१ साली वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातला गेला.

या चित्रपटांमुळे माशांची मागणी भडकली, असं सर्रास लिहिलं जातं. ‘फाइंडिंग डोरी’बद्दल २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाला तसा पुरावा मिळाला नाही. तेव्हा तो आरोप मी करणार नाही.

“सगळी गटारं समुद्राला मिळतात” हे वाक्य मात्र मुलांपुढे थांबून तपासावं. आमचं पाणी वाघ नदीतून वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी करत बंगालच्या उपसागराला मिळतं खरं, पण त्या गोड्या पाण्यात सोडलेला निमो पहिल्या टप्प्यातच मरेल. आणि जिवंत सुटलेला परका मासाही बरा नव्हे. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर १९८०च्या दशकात आढळू लागलेला सिंहमासा हौशी टाक्यांतूनच सुटला असावा, असं मानतात. टाकीत जन्मलेल्या माशाला परत जायला समुद्र नसतो. हा मासा चित्रपटात नाहीच.

नागपूरला गेलो तेव्हा एका दुकानात विचारलं, “हा विदूषक मासा जन्मला कुठं?” दुकानदार म्हणाला, “मुंबईहून येतो.” पुन्हा विचारलं, तरी उत्तर तेच. मासा घेतला नाही.