मदत-फाइल उघडणाऱ्या दोन आज्ञावली : एक परीक्षण

जालना एमआयडीसीत सळया तयार करणारे कारखाने बरेच आहेत. भंगार प्रवर्तन भट्टीत वितळवायचे, त्याचे बिलेट ओतायचे, बिलेट तापवून रोलांमधून काढायचे आणि शेवटी सळईचा एक तुकडा प्रयोगशाळेतल्या यंत्रात ताणून तोडायचा, असा तिथला क्रम. आमच्या संस्थेतली मुले तिथे उमेदवारीला जातात. त्यांपैकी एकाने विचारले, "सर, पडद्यावर '०.२ टक्के प्रूफ स्ट्रेस' येतो. यंत्र तो नेमका आलेखावर कुठून घेते?"

प्रश्न चांगला होता. आयएस १७८६ या मानकाप्रमाणे एफई ५०० दर्जाच्या सळईने निदान ५०० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर एवढा ताण सोसला पाहिजे. अशा सळईच्या आलेखात वळण स्पष्ट दिसले नाही, तर हा ०.२ टक्क्यांचा बिंदू धरतात. यंत्र तो कसा काढते हे त्याच्यासोबतच्या सीडीवरील मदत-फाइलमध्ये लिहिलेले होते. मुलाने ती दुसऱ्या संगणकावरून नेटवर्कमधून उघडली. डावीकडे विषयांची यादी आली, उजवीकडे पान कोरे.

ही फाइल सीएचएम प्रकारची. एचटीएमएलमध्ये लिहिलेली पाने, चित्रे आणि विषयसूची एकत्र करून, एलझेडएक्स पद्धतीने दाबून मायक्रोसॉफ्टने १९९७ मध्ये हा प्रकार आणला. मदत-फाइलमधून घातक आज्ञा चालवता येतात हे ध्यानात आल्यावर २००५ मधल्या सुरक्षा-दुरुस्तीने नेटवर्कवरून उघडलेल्या फाइलची पाने दाखवणे बंद केले. म्हणून यादी दिसते आणि मजकूर दिसत नाही. फाइल आपल्या डिस्कवर उतरवून घेतली की पान उमटते. इंटरनेटवरून घेतलेली असेल तर तिच्या गुणधर्मांच्या चौकटीत 'अनब्लॉक' करावे लागते. कारण योग्य आहे, पण कोरे पान काहीच सांगत नाही, आणि मुलाला वाटते की फाइलच बिघडली.

आमच्या संस्थेत लिनक्स आहे, तिथे मायक्रोसॉफ्टचा वाचक नाही. सीएचएमची अंतर्गत रचना स्वयंसेवकांनी फाइलीतील बाइट तपासून उलगडली. जेड विंग यांचे 'सीएचएमलिब' हे त्या कामाचे फळ, आणि इथे पाहायच्या दोन्ही आज्ञावली त्याच्यावर उभ्या आहेत. दोन्ही फुकट आहेत, दोन्हींची मूळ संहिता खुली आहे.

'एक्ससीएचएम' ही रझवान कोजोकारू यांची. हलकी आहे, जुन्या संगणकावरही झटकन उघडते. मात्र पाने दाखवायला ती जो साधा घटक वापरते, त्याला पानांच्या सजावटीचे नियम आणि जावास्क्रिप्ट कळत नाहीत. मजकूर आणि आलेखाचे चित्र आले, तक्ते मात्र अगदीच बोडके दिसले. वाचायला अडचण नाही. 'वरच्या पिवळ्या चौकटीतील सूचना पाहा' असे वाक्य आले की पिवळी चौकट शोधत बसावे लागते, एवढेच.

जॉर्जी युनाएव यांची 'केसीएचएमव्ह्यूअर' लिनक्स, विंडोज आणि मॅक तिन्हींवर चालते. ती ब्राउझरसारखे पूर्ण इंजिन वापरते, त्यामुळे पान मुळाबरहुकूम दिसते. शोधासाठी ती स्वतःची शब्दसूची तयार करते; 'सी++' सारखा चिन्हांचा शब्दही तिला सापडतो. पहिल्या वेळी सूची करायला थोडा वेळ लागतो, तो सोसावा. सगळी पाने फोल्डरमध्ये काढून ठेवण्याची सोय तिच्यात आहे, आणि माझ्या मते शिक्षकाला तिचा खरा उपयोग तोच. दोघींपैकी एकच घ्यायची तर ही घ्यावी.

एवढे गुण असूनही एक मोठी उणीव राहते. मूळ आज्ञावलीत काम करताना एफ-१ कळ दाबली की समोरच्या खिडकीचा क्रमांक मदत-फाइलला जातो आणि नेमके तेच पान उघडते. फाइल वेगळ्या संगणकावर नेली की हा धागा तुटतो. 'संबंधित विषय' ही बटणेही मायक्रोसॉफ्टच्याच घटकावर अवलंबून असल्यामुळे मुकी होतात. ज्याला अडचणीचे नाव ठाऊक आहे त्याला पान मिळते. आमच्या मुलाला 'प्रूफ स्ट्रेस' हा शब्द पडद्यावर दिसला होता म्हणून निभावले.

त्याहून जुन्या सीड्यांवर एचएलपी फाइली सापडतात. त्यांचा वाचक २००७ च्या व्हिस्टापासून विंडोजसोबत येईनासा झाला, पुढे काही वर्षे वेगळा उतरवून घेता येत होता, आणि २०१५ च्या विंडोज १० ला तोही मिळाला नाही. यंत्र चालू, पुस्तक बंद, अशी अवस्था. मानफ्रेड विंटरहोफ यांची 'हेल्पडेको' ही आज्ञावली अशा फाइलीतून मजकूर बाहेर काढते.

मुलांसाठी आम्ही दहा-बारा पाने मराठीत केली आणि त्यांची सीएचएम बांधायला बसलो. पाने युनिकोडमध्ये होती, ती ठीक उमटली. सूची बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या साधनात मराठी शब्द चिकटवले, तर हाती आली प्रश्नचिन्हांची रांग. याचे कारण जुने आहे. विंडोजमध्ये पूर्वी अनेक लिपींना २५६ जागांचा एकेक अक्षरतक्ता असे आणि सूचीची रचना त्याच काळातली आहे. देवनागरीला असा तक्ता कधी मिळालाच नाही; विंडोज २००० मध्ये मराठी आली ती थेट युनिकोडवर. मराठीचा भाषा-क्रमांक आहे, ११०२, पण सूचीला हवा असलेला तक्ता नाही. एकदा प्रश्नचिन्ह साठवले गेले की जगातली कोणतीही वाचक-आज्ञावली त्यातून मूळ अक्षर काढू शकत नाही. वाचकाला बोल लावण्यात अर्थ नाही. हा दोष पेटीचा आहे. पेटी करणाऱ्याने आपली लिपी धरलीच नव्हती, आणि आपल्याकडूनही कोणी ती मागितल्याचे फारसे ऐकिवात नाही.

शेवटी आम्ही पेटीच सोडली. केसीएचएमव्ह्यूअरने सगळी इंग्रजी पाने बाहेर काढली, यंत्र पुरवणाऱ्याला विचारून त्यांतली लागणारी तेवढी मराठीत उतरवली आणि सूचीचे एक साधे पान हाताने लिहिले. हे फोल्डर कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडते. तुटलेल्या एफ-१ साठी, यंत्राच्या कोणत्या खिडकीला कोणते पान पाहायचे याचा तक्ता त्याच मुलाने कागदावर लिहून प्रयोगशाळेतल्या संगणकाशेजारी चिकटवला आहे.