एका वाक्यातला अभियंता

रत्नागिरीतल्या आमच्या शाळेत राष्ट्रीय विज्ञान दिनाला शास्त्रज्ञांच्या चरित्रांवर भाषणे होतात. त्यांतली निम्मी तरी डॉ. कलामांवर असतात. माधुरी शानभाग यांनी मराठीत आणलेले 'अग्निपंख' हाताशी असते, आणि मुलांना ते मनापासून आवडते. एका वर्षी भाषणे संपल्यावर आठवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, अवकाश संशोधनात जायचं तर घरसंसार करायचाच नाही का?" मुले हसली. मला मात्र तो प्रश्न झटकता आला नाही. कलाम अविवाहित होते. त्यांचे चरित्र तेवढे एकच मुलांना माहीत असेल, तर तिने काढलेला निष्कर्ष तर्काला धरूनच होता. दोष एकाच चरित्रावर भागवणाऱ्या आम्हा शिक्षकांचा.

'अग्निपंख'मध्येच याचे उत्तर दडलेले आहे. २१ नोव्हेंबर १९६३ च्या संध्याकाळी केरळातील थुंबा येथून भारताच्या भूमीवरचा पहिला संशोधनपर अग्निबाण उडाला. त्या हकिगतीत रडार, दूरमापन आणि जमिनीवरची व्यवस्था सांभाळणाऱ्या एका सहकाऱ्याचा उल्लेख जेमतेम एका वाक्यात येतो. मित्र त्याला 'डॅन' म्हणत. हेच आर. अरवमुदन. पुढे ते श्रीहरिकोटा केंद्राचे आणि नंतर बंगळूरच्या उपग्रह केंद्राचे संचालक झाले. निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी, २०१७ साली, त्यांचे 'इस्रो : अ पर्सनल हिस्टरी' हे इंग्रजी पुस्तक आले. २०२१ साली त्यांचे निधन झाले. पुस्तकावर दुसरे नाव आहे ते त्यांच्या पत्नी गीता अरवमुदन यांचे. त्या पत्रकार आणि लेखिका. स्त्रीभ्रूणहत्येवरचे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध आहे. म्हणजे हे पुस्तक एका संसारातून आलेले आहे, आणि त्या संसारात दोन व्यवसाय नांदत होते.

पुस्तकाचा पहिला भाग शिक्षकाने अवश्य वाचावा. नासात प्रशिक्षण घेऊन आलेले मूठभर तरुण, त्रिवेंद्रमच्या लॉजमधला मुक्काम, तिथून थुंब्याला रोजची ये-जा, चर्चच्या इमारतीत थाटलेली कार्यशाळा, हे सारे अरवमुदन कसलाही आव न आणता सांगतात. या तुकडीत पुण्यात जन्मलेले प्रमोद काळे होते, हे आपल्या मुलांना आवर्जून सांगावे. इन्सॅट-१ च्या उपग्रहांचे प्रकल्प संचालक ते हेच. त्यांतला इन्सॅट-१ए १९८२ च्या एप्रिलमध्ये अवकाशात गेला आणि सप्टेंबरात निकामी झाला. पुढच्या वर्षी गेलेल्या इन्सॅट-१बी ने मात्र अनेक वर्षे काम दिले.

भूगोलाच्या तासालाही हा भाग उपयोगी पडतो. कोळीवाडा, वाळू, नारळी असलेला किनारा आपल्या भाट्ये-मिऱ्यालाही आहे. मग केंद्र थुंब्यालाच का? कारण चुंबकीय विषुववृत्त तिथून जवळ जाते, आणि त्याच्यावर सुमारे शंभर-एकशेदहा किलोमीटर उंचीवर वाहणाऱ्या विद्युतप्रवाहाचा अभ्यास करायचा होता. रत्नागिरी त्यासाठी फार उत्तरेला पडते. (हे सांगितल्यावर वर्ग थोडा हिरमुसतो!)

अरवमुदन दूरमापनाचे माणूस. अग्निबाण काही मिनिटांत समुद्रात पडतो. हाती उरते ते रेडिओलहरींवरून उतरवून घेतलेले मोजमाप. त्यांच्या लेखनालाही हीच सवय लागलेली दिसते. काय घडले ते नेमके येते, त्या वेळी मनात काय चालले होते ते अभावानेच. २० सप्टेंबर १९९३ ला पीएसएलव्हीचे पहिले उड्डाण फसले, तेव्हा ते श्रीहरिकोट्याचे संचालक होते. वर्षभरानंतर, १५ ऑक्टोबर १९९४ ला, दुसरे उड्डाण यशस्वी झाले. या दोन तारखांमधले वर्ष एखाद्या घरात कसे गेले असेल? 'पर्सनल' म्हणवणाऱ्या पुस्तकाकडून एवढी अपेक्षा गैर नव्हे. पण उत्तरार्धात व्यक्ती मागे सरते आणि संस्थेचा इतिहास पुढे येतो. याने उड्डाणांची माहिती मिळते, माणूस हरवतो. निवेदनही सारे अरवमुदन यांच्या 'मी'चे आहे. गीताबाईंसारखी कसलेली लेखिका हाताशी असताना तिच्या नजरेतून एक स्वतंत्र प्रकरण असते, तर आमच्या विद्यार्थिनीचे अधिक समाधान झाले असते.

तरीही मी हे पुस्तक 'अग्निपंख'च्या शेजारी ठेवीन. एकच संध्याकाळ दोन माणसांनी वेगवेगळ्या जागी उभे राहून पाहिली, की प्रयोग किती जणांचा असतो ते मुलांना आपोआप दिसते. 'अग्निपंख'मध्ये हायड्रॉलिक यंत्रणेच्या गळतीमुळे अग्निबाण हातांनी नीट बसवावा लागल्याची धावपळ आहे. ती वाचल्यावर, त्याच वेळी रडारपाशी काय तयारी चालली असेल, असा प्रश्न वर्गात टाकावा.

त्या मुलीला मी पहिली काही प्रकरणे मराठीत सांगितली. पुढच्या विज्ञान दिनाला ती अरवमुदन यांच्यावर बोलली. दूरमापन म्हणजे काय हे समजावण्यातच तिची पाच मिनिटे संपली. घंटा झाली तेव्हा ती नुकती त्रिवेंद्रमच्या लॉजपर्यंत पोचली होती.