हायस्पीड टीसीपी : वेग आणि वाटणी
सॅली फ्लॉइड यांचा ‘हायस्पीड टीसीपी’ हा प्रस्ताव डिसेंबर २००३ मध्ये आरएफसी ३६४९ म्हणून प्रसिद्ध झाला. पॅकेट १५०० बाइटचे आणि जाण्यायेण्याचा वेळ १०० मिलिसेकंद धरल्यास, सेकंदाला १० गिगाबिट वेग टिकवताना प्रचलित टीसीपीला ५ अब्ज पॅकेटांमागे फार तर एकदाच गर्दीचा संकेत परवडतो, हे त्यातील गणित निरुत्तर करणारे आहे. उपाय मात्र एकांगी आहे. खिडकी ३८ पॅकेटांपुढे गेली की ती झपाट्याने वाढते आणि कमी आकसते. परिणामी त्याच मार्गावरील जुन्या टीसीपीचा वाटा घटतो. लेखिका हे नाकारत नाहीत, पण त्यावर तोडगाही देत नाहीत. वेगाबरोबर वाटणीही मोजावी, हे वर्गात शिकवण्यास सदर प्रस्ताव उत्तम उदाहरण ठरतो.