विठाबाईंचा पुरस्कार आणि फडातली माणसे

तमाशा कलावंतांचा गौरव करण्याची एक ठरलेली रीत महाराष्ट्रात रुजली आहे. शाल येते, श्रीफळ येते, मानपत्र वाचले जाते; आणि विठाबाई नारायणगावकरांचे नाव निघाले की त्यांच्या बाळंतपणाची गोष्ट हमखास सांगितली जाते. दिवस भरलेली बाई बोर्डावर नाचते आहे, कळा सुरू होतात, ती कनातीमागे जाते, बाळंत होते, दगडाने नाळ तोडते आणि पुन्हा बोर्डावर येऊन उभी राहते. सभागृहात टाळ्या पडतात. कोणी ह्याला कलानिष्ठा म्हणतो, कोणी तपश्चर्या. ह्या टाळ्यांचाच थोडा विचार करावयाचा आहे.

ती बाई त्या अवस्थेत बोर्डावर का होती, हे कोणीच विचारीत नाही. फडाचा व्यवहार ज्याने जवळून पाहिला आहे त्याला उत्तर शोधावे लागत नाही. गावाची सुपारी घेतली की खेळ करावाच लागतो. फडमालकाने सावकाराकडून पैसा घेतलेला असतो आणि कलावंतांनी फडमालकाकडून उचल घेतलेली असते. त्या उचलीवर पावसाळा निघतो आणि पुढचा सगळा हंगाम ती फेडण्यात जातो. अशा ठिकाणी निष्ठा किती आणि नाइलाज किती, हे टाळ्या वाजवणाऱ्याने कसे ठरवायचे? १९२८ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी प्रसूतीकाळात मजूर स्त्रीला रजा आणि भत्ता देणाऱ्या विधेयकाला पाठिंबा दिला. १९२९ साली तो कायदा झाला. कारखान्यातल्या बाईला जे कायद्याने मिळाले, ते फडातल्या बाईपर्यंत पोहोचलेच नाही. जिथे संताप यायला हवा तिथे पांढरपेशा रसिकाचे डोळे कौतुकाने भरून येतात. दुसऱ्याच्या यातनेचे असे सौंदर्य करून टाकणे ही आपल्याकडची जुनी कला आहे.

दुसरी गोष्ट नावाची. विठाबाईंचे वडील आणि चुलते ह्यांचा फड भाऊ-बापू मांग नारायणगावकर ह्या नावाने गाजला. जात फलकावर होती, गावोगाव लोक ती वाचून तिकीट काढीत होते. २००६ साली राज्य शासनाने विठाबाईंच्या नावे जीवनगौरव पुरस्कार सुरू केला, त्या नावात 'मांग' हा शब्द उरला नाही. नावातून जात जावी असे आपल्यालाही वाटतेच. पण ती जाते केव्हा? राबताना ती चिकटून राहते आणि सन्मानाच्या पत्रिकेवर मात्र खरवडली जाते, तेव्हा त्याला जातिअंत म्हणता येणार नाही. ज्या विठाबाईंना राष्ट्रपतींच्या हातून मान मिळाला होता, त्या जानेवारी २००२ मध्ये गेल्या तेव्हा त्यांच्या इस्पितळाचे बिल देणगीदारांच्या पैशांतून भागले. त्यांच्या नावाचा पुरस्कार त्यानंतर चार वर्षांनी निघाला.

हा रोग एकट्या महाराष्ट्राचा नाही. अमेरिकेतल्या ग्रामीण गोऱ्यांचे म्हणून जे 'कंट्री' संगीत ओळखले जाते, त्याच्या नॅशव्हिल येथील सन्मान-दालनात १९६१ पासून थोर कलावंतांची नावे कोरली जातात. पहिल्या काळ्या कलावंताला, चार्ली प्राइडला, तिथे जागा मिळाली ती २००० साली. त्याच्याही कितीतरी आधी डीफोर्ड बेली हा काळा हार्मोनिकावादक तिथल्या सर्वांत नामांकित रेडिओ-कार्यक्रमाचा लाडका कलावंत होता. १९४१ साली त्याला काढून टाकले. पुढे त्याने जोडे पॉलिश करून पोट भरले. तो १९८२ साली वारला आणि सन्मान-दालनात त्याचे नाव लागले २००५ साली! आपल्या तमासगिरांना हे दालन परके वाटू नये.

पुरस्कार एकाला मिळतो. तमाशा एकट्याचा नसतो. ढोलकीवाला, हलगीवाला, तुणतुण्यावरचा, झील धरणारे सुरते, सोंगाड्या, मावशी, तंबू ठोकणारे, ही सगळी माणसे मिळून फड होतो. ह्यांच्यासाठी शासनाचे मानधन आहे, आणि त्या योजनेला आता नाव आहे राजर्षी शाहू महाराजांचे. पूर्वी तिच्यात राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा अशा अ, ब, क वर्गवाऱ्या होत्या, म्हणजे म्हातारपणीही उतरंड. २०२४ साली ती मोडून सरसकट महिना ५,००० रुपये केले, हे चांगले झाले. ते मान्य केले पाहिजे. परंतु उचगावसारख्या गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या ढोलकीवाल्याने अर्ज करायचा म्हटले, तर त्याने आयुष्यभर ढोलकी वाजवली ह्याचा कागदी पुरावा मागितला जाणार. तो कुठून आणायचा? हँडबिलावर नाव असते नायिकेचे आणि फडमालकाचे. कात्रणे, प्रमाणपत्रे जपून ठेवण्याची सवय ज्यांच्या घरात असते, त्यांच्या घरातून ढोलकीवाला सहसा येत नाही. ज्या राजाने कारागीर-कलावंताला हुनर पाहून जवळ केले, त्याच्याच नावाच्या योजनेत हुनराला कागदाची साक्ष लागते.

आता आपल्याकडे वळू. कारण हे सगळे शासनावर ढकलून आपल्याला सुटता येणार नाही. पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या कमाईतून चळवळीला देणगी देऊ केली आणि अस्पृश्य स्त्रीला नाचवून मिळवलेला पैसा नको म्हणून बाबासाहेबांनी ती नाकारली, अशी हकीकत सांगितली जाते. तो नकार योग्यच होता. त्याच नकाराच्या वाटेने भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे उभे राहिले. गण-गवळणीच्या जागी माणूसपणाचा विचार आला. पण आपण पैसा नाकारताना त्या बाईलाही नाकारून बसलो. जन्माने ब्राह्मण असलेल्या बापूरावांवर लेख झाले, सिनेमा झाला. पवळा महार स्त्री. तिचे नाव अजून बापूरावांच्या नावाला बांधूनच येते. आपल्या नियतकालिकांनी वामनदादांवर लिहिले, अण्णा भाऊंवर लिहिले, ते लिहायलाच हवे होते. बारीतल्या बाईवर आपल्यातल्या किती जणांनी लिहिले? शैलजा पाईक ह्यांचा तमाशातील दलित स्त्रियांवरचा इंग्रजी ग्रंथ २०२२ साली परदेशात प्रसिद्ध झाला. 'अश्लील' हा शिक्का कोणी, कोणावर, कशासाठी मारला आणि तो सोसत माणुसकी मिळवण्यासाठी ह्या स्त्रिया कशा झगडल्या, हे त्यांनी मांडले. त्याची चर्चा आपल्या शिबिरांत अजून व्हायची आहे.

म्हणून गौरव बंद करा, असे माझे म्हणणे नाही. विठाबाईंच्या नावाचा पुरस्कार राहू द्या, रक्कम वाढू द्या. पण तो देताना त्या कलावंताच्या संपूर्ण फडाची नावे मानपत्रात आली पाहिजेत, आणि पुराव्याच्या जागी फडातल्या दोन सहकाऱ्यांचा जबाब चालला पाहिजे. करवीर तालुक्यापुरते तरी आपल्या कार्यकर्त्यांना आणि शाळामास्तरांना हे काम येत्या यात्रांपूर्वी सुरू करता येईल. गावोगावच्या मांगवाड्यांत, महारवाड्यांत आणि कोल्हाट्यांच्या घरांत जायचे, कोण कोणत्या फडात कोणत्या साली काय वाजवीत होते ते विचारायचे आणि वहीत उतरवून घ्यायचे. बायकांना आधी विचारायचे.