जिप्सीचा पुढचा शाफ्ट

रसग्रहण कवितेचंच करावं असा काही नियम नाही. नागपुरातल्या सदरच्या एखाद्या गॅरेजात मारुती जिप्सीखालून उतरवलेला पुढचा प्रॉपेलर शाफ्ट बाकड्यावर आडवा पडलेला असतो, तोही नीट वाचण्यासारखा असतो. ग्रीस आणि काळ्या मातीचा थर पुसला की दिसतात दोन टोकांचे दोन क्रॉस, मधली पोलादी नळी आणि आत-बाहेर सरकणारा स्प्लाइनचा सांधा. इतक्या मोजक्या सामग्रीत ट्रान्सफर केसची ताकद पुढच्या डिफरन्शियलपर्यंत न्यायची, आणि तीही एक्सल सतत वरखाली नाचत असताना!

यातला खरा रस क्रॉसमध्ये आहे. रॉबर्ट हूकने सतराव्या शतकात अभ्यासलेला हा सांधा सरळ रेषेत निर्दोष चालतो. कोनात मात्र तो अडखळतो. 30 अंशांच्या कोनात बाहेरचा वेग क्षणभर सुमारे 15 टक्क्यांनी वाढतो, लगेच 13 टक्क्यांनी घटतो, आणि हे प्रत्येक फेरीत दोनदा घडतं. त्यावरचा इलाज या रचनेतच आहे. दोन्ही टोकांचे कोन सारखे ठेवले आणि नळीचे दोन्ही काटे एका पातळीत आणले, तर पहिल्या क्रॉसचा दोष दुसरा फेडतो. स्प्लाइनवर बाणाच्या खुणा असतात त्या याचसाठी. जोडताना एक दात इकडचा तिकडे झाला की थरथर सुरू.

1985 मध्ये आलेल्या जिप्सीला पुढे अखंड एक्सल आणि पाटे. सदरहून कामठी-मनसरमार्गे पेंचच्या बाजूला चिखल तुडवायला जाणारे हौशी मालक पाटे बदलून ती दोन-तीन इंच उचलतात. तिथे हा जमलेला हिशेब मोडतो. शाफ्टचा उतार वाढतो आणि स्प्लाइनची पकड कमी होते. मागे डिफरन्शियलचं नाक थोडं वर करून कोन जुळवता येतो. पुढे मात्र त्याच एक्सलवर स्टिअरिंगचा कॅस्टर, म्हणजे चाक वळण्याच्या अक्षाचा मागचा कल, हाही ठरतो. नाक वर केलं की कॅस्टर घटतो आणि गाडी रस्त्यावर भटकू लागते. पुढचा शाफ्ट निवडणं अवघड ते यामुळे.

डबल कार्डन हा त्यावरचा देखणा तोडगा. ट्रान्सफर केसच्या टोकाला दोन क्रॉस एकाच घरात बसवायचे, म्हणजे मोठा कोन दोघांत वाटला जातो. पण मग खालचं नाक जवळजवळ थेट शाफ्टच्या रेषेत हवं, म्हणजे कॅस्टरचा प्रश्न पुन्हा दारात. शिवाय हा सांधा जाड असतो. क्रॉसमेंबर आणि सायलेन्सरच्या पाइपशी त्याचं जमतं का, हे आधी पाहावं लागतं. थोडक्या उंचीला लांब स्प्लाइनचा साधा शाफ्ट पुरतो.

जाड नळी म्हणजे चांगला शाफ्ट, हा समजही तपासून घ्यावा. झटका बसला तर आधी क्रॉस तुटलेला बरा, तो स्वस्तात बदलता येतो. शाफ्ट गरजेपेक्षा दणकट केला की तोच झटका गिअर आणि केसिंगवर जातो. शिवाय पुढे फ्री-व्हील हब नसतील तर हा शाफ्ट डांबरी रस्त्यावरही फिरत राहतो. म्हणून नळी कापून वेल्ड केल्यावर बॅलन्सिंग टाळता येत नाही.

इथला जाणता मिस्त्री म्हणतो, "पहिले माप घ्या भाऊ, शाफ्ट मंग." त्या एका वाक्यात सगळं आलं. गाडी उभी असताना, चाकं पूर्ण लोंबत असताना आणि पाटे पूर्ण दबलेले असताना अशी तीन मापं घ्यावीत. लोंबताना स्प्लाइन सुटता कामा नये, दबताना टेकता कामा नये. टेकली तर शाफ्ट ट्रान्सफर केसच्या बेअरिंगलाच ढुसण्या देतो. आणि गाडी उचलण्याआधी मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या बदलांबाबतचं कलम 52 वाचावं, आरटीओत विचारून घ्यावं. तीन मापं कागदावर आल्याशिवाय शाफ्टची ऑर्डर देऊ नका.